गाडीचं साल, कागदाचं साल

मंडळी, पोस्ट लांब आहे. निवांत असाल तेव्हा वाचा. पण घरात, गोठ्यात, वाड्याच्या पडवीत एखादी जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल तर नक्की वाचा.

‘आमची गाडी कुठल्या सालची, तेवढं बघून सांगाल का?’ हा प्रश्न मला आधीही कधीतरी यायचा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले आणि तेव्हापासून तो दर आठवड्याला यायला लागला. नियम थोडक्यात असा: पहिल्या विक्रीनंतर झालेल्या पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, जी मूळ रूपात आहे, जिच्या चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नाहीत, ती ‘व्हिंटेज’. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो आणि आधीच पासिंग झालेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीची फी २० हजार, पुनर्नोंदणीची ५ हजार. दहा वर्षांची मुदत. गाडी धंद्याला लावायची नाही, रोज फिरवायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

चांगला नियम आहे. जुनी गाडी म्हणजे भंगार, ही समजूत सरकारी कागदावर तरी पुसली गेली. पण यामुळे ‘साल’ या एका शब्दाला एकदम भाव आला. ज्या रकान्याकडे चाळीस वर्षं कुणी बघितलं नाही, त्यावर आता गाडी राहणार की जाणार, किती लाखांना जाणार, हे ठरायला लागलं. आणि भाव आला की खोटेपणाही येतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली जीप मी गेल्या वर्षी पाहिली, तिच्यावरून सांगतो. गाव आणि घराणं यांची नावं घेत नाही. त्यांची परवानगी घेऊनच लिहितोय, पण नावाशिवाय.

गाडी ‘लो बोनेट’. आपल्याकडे जीपचे दोन प्रकार कुठल्याही मिस्त्रीला विचारा, तो सांगेल: लो बोनेट आणि हाय बोनेट. हाय बोनेट म्हणजे सीजे-३बी, अमेरिकेत १९५३ साली आलेली आणि पुढे महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलेली. इंजिन उंच झालं म्हणून बोनेटही उंच झालं. लो बोनेट त्याच्या आधीची. पण लो बोनेट म्हणजे सगळ्या लढाईतल्याच असतात असं नाही, ही मेख आहे.

घरातले आबा ऐंशीच्या घरातले. ते म्हणाले, “आमच्या वडलांनी मिलट्रीच्या लिलावात घेतलीया. बेळगावाकडनं आणली. मी तवा चड्डीत हुतो.” आबांचा मुलगा म्हणाला, “सर, कार्डावर तर अठ्ठ्याहत्तर हाय.” आणि तिसरा एक माणूस तिथे बसला होता, गाड्यांचा दलाल. तो म्हणाला, “बेचाळीसची फोर्ड आहे. गिऱ्हाईक तयार आहे. फक्त पट्टी बसवली की झालं.”

म्हणजे एका गाडीची तीन सालं. आबांच्या आठवणीतलं, कार्डावरचं १९७८ आणि दलालाच्या तोंडचं १९४२. कार्डावरचं धरलं तर गाडीची पन्नाशी २०२८ साली, तोवर व्हिंटेजचा अर्जच करता येत नाही. दलालाचं धरलं तर गाडी आजच दीडपट किमतीला जाते. घरात थोरल्या नातीच्या शिक्षणाचा खर्च उभा, त्यामुळे दीडपट हा आकडा काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

आता इथे जरा थांबून मूळ प्रश्न बघू. गाडीचं ‘साल’ म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत ‘मॉडेल वर्ष’ ही कॅलेंडरपेक्षा वेगळी गोष्ट आहे. पुढच्या सालचं मॉडेल आधीच्या शरद ऋतूतच दुकानात यायचं. १९५५ ची शेवरले १९५४ च्या ऑक्टोबरातच लोकांनी बघितली. फोर्ड मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला विक्रीला आली, पण कंपनीने पहिल्या गाडीपासून तिला १९६५ चं मॉडेल म्हणूनच नोंदवलं. शौकीन लोक त्या सुरुवातीच्या गाड्यांना ‘साडेचौसष्ट’ म्हणतात. म्हणजे चौसष्टच्या उन्हाळ्यात घेतलेली गाडी, कागदावर पासष्टची, आणि दोन्ही खरं.

त्यात आपल्याकडे आणखी एक वळण. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला. सुटे भाग खोक्यांतून बोटीने यायचे, इथे जोडले जायचे, मग डीलरकडे, मग एखाद्या संस्थानिकाकडे किंवा डॉक्टरकडे. भाग ओतले एका साली, जोडले दुसऱ्या साली, पासिंग तिसऱ्या साली, असं सहज होऊ शकायचं.

आणि स्वातंत्र्यानंतर तर मॉडेल वर्ष ही गोष्ट आपल्याकडून जवळपास हद्दपारच झाली. स्पर्धा नव्हती, परवान्यांचं राज्य होतं, त्यामुळे कंपनीला दरवर्षी चेहरा बदलायची गरज नव्हती. अँबॅसडर पन्नाशीच्या दशकात आली ती २०१४ पर्यंत निघत होती. कुर्ल्याच्या प्रीमियरची ११००डी, म्हणजे डिलाईट, साठच्या दशकात आली, मग तिचंच नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. तीच गाडी शतक संपेपर्यंत निघाली. तिच्या आधीची गोल पाठीची फियाट, जिला आपण प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणतो, ती ओळखू येते. पण डिलाईटला पद्मिनीची जाळी, पद्मिनीला डिलाईटचे दिवे, इंजिन तिसरीचंच, अशा गाड्या प्रत्येक तालुक्यात आहेत. दरवाजा बसतो ना, मग झालं. त्यामुळे आपल्याकडे चेहऱ्यावरून साल सांगणारा माणूस भेटला की दोन पावलं मागे सरका.

म्हणून मी प्रत्येक गाडीची चार सालं वेगवेगळी लिहितो. भाग कधी बनले, गाडी कधी जुळली, पासिंग कधी झालं आणि लोक तिला कुठल्या सालची म्हणतात. चारही एक निघाली तर उत्तम. बहुतेक वेळा निघत नाहीत, आणि त्यात लपवण्यासारखंही काही नसतं.

आता जीपकडे.

पहिलं काम, लांबून बघणं. पुढच्या जाळीला उभ्या फटी किती? नऊ. लढाईतल्या जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असतात. १९४५ नंतर विलीसने लोकांसाठी काढलेल्या सीजे-२ए ला सात. दिवे बघितले. लढाईतल्या गाडीचे दिवे लहान, जाळीच्या आत दबलेले, आणि बोनेट उघडून उलटे फिरवले की इंजिनावर उजेड पडतो. रात्री आघाडीवर दुरुस्ती करता यावी म्हणून केलेली सोय ती. सीजे-२ए चे दिवे मोठे आणि बाहेर आलेले. मागे बघितलं, तर मागचा पत्रा सलग, खाली उघडणारं फाळकं नाही. फाळकं असतं ते सीजे-२ए ला, कारण ती शेतकऱ्यासाठी होती. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, सीट उचलून तेल भरायचं. काच दोन तुकड्यांची. एवढं बघितल्यावर १९७८ चा प्रश्नच निकालात निघाला. ही लढाईच्या काळातल्या साच्याची गाडी.

पण जाळी बदलता येते. दिवे बदलता येतात. आपल्याकडे लष्कराच्या लिलावातल्या भागांवर अख्खे बाजार उभे राहिलेत. हरियाणातल्या मंडी डबवालीत जा, हवी तशी जीप उभी करून देतात. म्हणून सहज बदलता न येणाऱ्या गोष्टींकडे वळायचं.

ती गोष्ट म्हणजे चेसी.

लढाईतल्या जीपा दोन कंपन्यांनी बनवल्या. विलीसची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू. दोन्ही मिळून सुमारे ६ लाख ४० हजार. आराखडा विलीसचा, फोर्डने त्याच आराखड्यावर बनवल्या, कारण एकाचा भाग दुसऱ्याला बसला पाहिजे ही लष्कराची अटच होती. बाहेरून जुळ्या बहिणी. पण रेडिएटरच्या खाली वाकून बघितलं की फरक दिसतो. चेसीची पुढची आडवी दांडी विलीसला गोल नळीची असते आणि फोर्डला उलट्या यू आकाराच्या पत्र्याची. ही दांडी चेसीला पक्की जोडलेली असते. हौसेखातर कुणी बदलत नाही.

गाडीखाली सतरंजी टाकून आडवा झालो. दांडी गोल. विलीस.

दलाल म्हणाला, “पण बोल्टांवर एफ आहे!” होता, खराच होता. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा एफ अक्षर उठवलं होतं. पण ज्या गाडीचे भाग एकमेकांना बसावेत म्हणूनच बनवले गेले, तिच्यात चार एफचे बोल्ट निघाले तर त्यावरून गाडी फोर्ड होत नाही. बोल्ट कुठून आला ते बोल्ट सांगतो, गाडी कुठून आली ते नाही.

मग नंबर. फोर्डचा नंबर डाव्या चेसीपट्टीच्या वरच्या अंगाला ठोकलेला असतो. विलीसचा एका छोट्या पट्टीवर, आणि ती पट्टी डाव्या चेसीपट्टीच्या आतल्या बाजूला, पुढच्या बंपरच्या मागे रिव्हेटने बसवलेली. बऱ्याच गाड्यांत ती केव्हाच गंजून पडलेली असते. इथे चिखल, ग्रीस आणि ऑइल पेंटचे सहा-सात थर होते. आबांचा नातू ग्राइंडर घेऊन आला. मी त्याला हात जोडले. रॉकेल, जुना टूथब्रश आणि लाकडाची काडी. दीड तास गेला. पट्टी होती. त्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली, आरटीओत चेसीची छाप घेतात तशी, आणि आकडे उठले. तीन लाखांच्या थोडा पुढचा नंबर.

विलीस एमबीची मोजणी १ लाखाच्या पुढून सुरू झाली, १९४१ साली. १९४३ च्या गाड्या ढोबळमानाने २ लाखांपासून २ लाख ९३ हजारांपर्यंत. त्यापुढे १९४४, साधारण ४ लाख २ हजारांपर्यंत. म्हणजे ही गाडी १९४४ ची, वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतली.

बेचाळीसची नाही. फोर्ड नाही. आणि अठ्ठ्याहत्तरची तर नाहीच नाही.

इंजिन बघितलं. उजव्या बाजूला, पुढे, ऑइल फिल्टरजवळ नंबर असतो. तिथे जीपीडब्ल्यू. म्हणजे इंजिन मात्र फोर्डचं. आबांचा चेहरा पडला. “म्हंजी कुणीतरी बदललं की काय?” बदललंच असणार, पण कुणी तुम्हाला फसवून नव्हे. लष्करी वर्कशॉपमध्ये दहा गाड्यांची इंजिनं उतरवायची, दुरुस्त करायची आणि जे तयार असेल ते समोरच्या गाडीत बसवायचं, हीच पद्धत होती. कुठलं इंजिन कुठल्या चेसीतलं हे बघत बसायला लढाईत वेळ कुणाला? तेव्हा एमबीच्या चेसीत जीपीडब्ल्यूचं इंजिन हा डाग नाही. पण तो लपवायचा नाही. फरशीचा पत्रा आणि मागचा काही भाग गावातल्याच वेल्डरने नव्याने केलेला, तोही लपवायचा नाही.

राहिली डॅशबोर्डवरची पट्टी. लढाईतल्या जीपला डॅशबोर्डच्या खणाच्या दारावर धातूच्या पट्ट्या असतात, एकीवर नंबर आणि गाडी लष्कराच्या ताब्यात दिल्याची तारीख. या गाडीवर फक्त रिव्हेटची भोकं होती. दलालाच्या खिशात तशीच पट्टी होती, कोरी. बाजारात नव्या बनवलेल्या मिळतात. हौशी लोक सजावटीसाठी घेतात, त्यात वाईट काही नाही. पण त्यावर हवी ती तारीख ठोकून ती मूळची म्हणून विकली, की ती फसवणूक. आणि त्याच्यापुढे जाऊन चेसीच्या नंबरला हात लावला तर तो सरळ गुन्हा आहे. आयुष्यभर तुमची गाडी चोरीची ठरवायला तेवढं पुरतं.

म्हणून माझा एक नियम. गाडीवर जी खूण सगळ्यात ठळक दिसते आणि सगळ्यात सहज बदलता येते, तिच्यावर सगळ्यात कमी विश्वास. जी दिसायला त्रास होतो आणि बदलायला त्याहून त्रास होतो, तिच्यावर सगळ्यात जास्त. चकचकीत पट्टीपेक्षा ग्रीसखालचा आकडा मोठा.

तर गाडी १९४४ ची. पण कागदाचं काय? व्हिंटेजच्या नियमाला १९४४ शी देणंघेणं नाही. त्याला हवी पहिल्या नोंदणीची तारीख. आणि कार्ड म्हणतं १९७८.

१९७८ कुठून आलं, हे आबांनीच उलगडलं. गाडी आधी बेळगावकडे पासिंग झालेली. नंतर इकडे आली. एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. तो घेतला १९७८ मध्ये. पुढे जुनं आरसी बुक फाटलं, दुय्यम प्रत काढली, मग सगळं संगणकावर गेलं आणि त्या प्रवासात कुठेतरी ‘नवा नंबर दिल्याची तारीख’ हीच ‘नोंदणीची तारीख’ होऊन बसली. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. समोर फाटकं पान, यंत्रावर रिकामा रकाना आणि रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, अशा वेळी माणूस जे दिसेल ते भरतो. माझ्या पाहण्यात अशा कित्येक गाड्या आहेत ज्यांचा जन्म कार्डावर १ जानेवारीला झालाय. एवढ्या सगळ्या गाड्या एकाच दिवशी कशा जन्माला आल्या, हे विचारायला कुणी जात नाही.

मग मी विचारलं, घरात जुना फोटो आहे का? आबांच्या बहिणीच्या लग्नातला निघाला. वरात जीपमधून. पुढच्या पाटीवर नंबर स्वच्छ दिसत होता, ‘एमवाय’ने सुरू होणारा. एमवाय म्हणजे म्हैसूर राज्य. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का, तारखेसकट, १९६१. म्हणजे १९६१ मध्ये गाडी म्हैसूरच्या नंबरावर पळत होती. १९७८ ही पहिली नोंदणी असूच शकत नाही.

फोटो हा पुरावा म्हणून पुरेसा नाही, पण त्याने नंबर दिला. त्या नंबरावर सीमेपलीकडच्या जुन्या कार्यालयात नोंदीच्या उताऱ्यासाठी अर्ज केला. तीन खेपा, चार महिने. शेवटी जुन्या रजिस्टरचं पान निघालं आणि त्याची प्रत मिळाली. पहिली नोंदणी १९५८. आणि उत्पादनाच्या सालाच्या रकान्यात, शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरात दोनच शब्द: एक्स आर्मी.

मला त्या कारकुनाला भेटावंसं वाटलं. त्याच्यासमोर लिलावाचा कागद असणार, गाडी असणार, आणि साल कुठेच नसणार. त्याला १९४५ लिहिता आलं असतं, १९५८ लिहिता आलं असतं. कुणी विचारणार नव्हतं. त्याने आकडाच लिहिला नाही. ‘लष्करातून आलेली’ एवढं जे त्याला ठाऊक होतं, तेवढंच लिहिलं. आणि त्याच्या त्या दोन शब्दांमुळे सहासष्ट-सदुसष्ट वर्षांनी आबांच्या आठवणीला कागदाचा आधार मिळाला. त्याच जागी त्याने अंदाजाने एखादं साल ठोकलं असतं, तर आज मी चेसीवरचा आकडा घेऊन त्या सालाशी भांडत बसलो असतो.

आजच्या यंत्रात ‘एक्स आर्मी’ लिहायला जागा नाही. तिथे महिना आणि साल, दोन्ही आकड्यातच लागतात. खरं सांगायचं तर माझी सगळी तक्रार एवढीच आहे. माणसाला ‘माहीत नाही’ लिहिता येत होतं, यंत्राला येत नाही.

बाहेर कसं करतात बघा. इंग्लंडात १९३० साली स्थापन झालेला व्हेटरन कार क्लब आहे. त्यांची खास कालनिश्चितीची समिती असते. गाडीचे भाग, नंबर, जुने कागद तपासून ती तारखेचा दाखला देते. लंडन ते ब्रायटन ही जी जगप्रसिद्ध दौड होते, तीत १ जानेवारी १९०५ च्या आधी बनलेल्याच गाड्या धावतात. त्यामुळे तिथे एका वर्षाचा फरक म्हणजे आत की बाहेर. एवढं पणाला लागलेलं असताना मालकाच्या शब्दावर कोण सोडेल? आणि तिथलं सरकार आणखी एक गोष्ट करतं. ज्या गाडीचं वय किंवा ओळख पुराव्यानिशी ठरत नाही, तिला ‘क्यू’ अक्षराचा नंबर देतं. गाडी रस्त्यावर चालते, कर भरते, फक्त पाटीच सांगते की हिचं वय नक्की नाही. त्यात मालकाला थोडं कमीपण वाटत असेल, पण खोटं कुणालाच बोलावं लागत नाही.

आपल्या नियमातही राज्यात नोडल अधिकारी आणि गाडी तपासायला समिती, अशी तरतूद आहे. म्हणजे सांगाडा आहे. त्यात मांस भरायचं बाकी आहे. माझ्या तीन साध्या मागण्या आहेत, आणि ज्यांच्या ओळखी परिवहन खात्यात आहेत त्यांनी त्या पुढे न्याव्यात.

एक, नोंदीत तीन तारखा वेगळ्या ठेवा. बनल्याचं साल, पहिली नोंदणी आणि या राज्यातली नोंदणी. आज त्या एकमेकींच्या जागी बसतात आणि त्यात गाडीचं आयुष्य जातं.

दोन, बनल्याच्या सालासमोर ‘पुराव्याने निश्चित’, ‘अंदाजे’ आणि ‘अज्ञात’ असे पर्याय द्या. अज्ञात लिहिण्यात कमीपणा नाही.

तीन, तपासणीच्या समितीत एखादा जुना मिस्त्री घ्या. ज्याने पन्नास इंजिनं खोललीत, त्याला गोल दांडी आणि यू दांडी यातला फरक पुस्तक न उघडता कळतो. अशी माणसं सातारा, कोल्हापूर, पुणे, नाशिक, सगळीकडे आहेत, आणि दरवर्षी कमी होत चाललीत.

आणि तुम्हा गाडीवाल्यांसाठी चार गोष्टी. जुनं आरसी बुक कितीही फाटलेलं असू दे, टाकू नका. आधी फोटो काढा. कराच्या पावत्या, विम्याचे कागद, लग्नाचे फोटो, पेट्रोलपंपाची उधारीची वही, सगळं एका पिशवीत. नंबराच्या जागी ग्राइंडर, सँडब्लास्टिंग, पुट्टी, काहीही लावू देऊ नका. रंगकाम करणाऱ्याला आधी ती जागा दाखवून ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आज विचारा. गाडी कुठून आली, कुणाकडून, तेव्हा पाऊस होता की ऊन, काहीही. आबांना साल आठवत नव्हतं, पण ‘बेळगावाकडनं’ हा एक शब्द नसता तर आम्ही त्या रजिस्टरपर्यंत कधीच पोचलो नसतो.

आणि पट्टीवाल्याला दारातून परत पाठवा.

त्या घरात हे सोपं नव्हतं, हेही सांगतो. आबांच्या मुलाने मला बाजूला घेऊन सरळ विचारलं, “सर, पट्टी बसवली तर कुणाला कळणार हाय?” मी म्हणालो, घेणाऱ्याला आज कळणार नाही. पण तो गाडीखाली कधीतरी आडवा होईल. दांडी गोल आहे, आणि ती तुम्ही बदलू शकत नाही. तो काही बोलला नाही. रात्री नातीनेच विषय संपवला. ती म्हणाली, “चव्वेचाळीसची विलीस हाय म्हणून विका, न्हाईतर ठेवा. माझ्या फीसाठी खोटी नगं.”

दलाल पुन्हा आला नाही. दुरुस्तीसाठी रीतसर अर्ज केलाय: चेसी विलीस, १९४४. इंजिन फोर्डचं, त्याच काळातलं, बदललेलं. फरशी आणि मागचा काही पत्रा नवा. पहिली नोंदणी १९५८, उताऱ्याची प्रत सोबत. महाराष्ट्रातला नंबर १९७८. इतके फेरफार समितीला चालतील की नाही, ते समिती ठरवेल. चाललं नाही तर गाडी साधी जुनी गाडी म्हणून राहील, दर पाच वर्षांनी पासिंगला जाईल. पण त्या कागदावरची एकही ओळ उद्या कुणाला खोडावी लागणार नाही.

तुमच्याकडे अशी एखादी गाडी असेल तर खाली लिहा. नंबर टाकू नका, चेसीचा तर अजिबात नको. जाळीच्या फटी मोजा, पुढून आणि मागून एकेक फोटो टाका, आणि घरातले लोक काय सांगतात तेवढं लिहा. बाकीचं आपण मिळून शोधू.